मॅडमची चूक

वनिता गेल्याचं खुशाल डोंगरवारांना तास संपल्यावर कळलं.

फोन तासाच्या मध्येच येऊन गेला होता. पण बोडीटोल्याच्या शाळेत तास सुरू असताना गुरुजींचा फोन वाजत नसे. सहपाठ नावाचं शिकवण्याचं यंत्र तो अडवून धरायचं आणि तास संपला की साठलेले निरोप एकेक करून सोडायचं. त्यामुळे नागपूरच्या दवाखान्यात वनितानं शेवटचा श्वास सोडला तेव्हाही, आणि त्यानंतरही बराच वेळ, खुशाल गुरुजी चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवत होते. शिकवत होते म्हणजे, कानात येणारं वाक्य तोंडानं बोलत होते.

बोर्डावर हिरवी खूण उमटली. तास संपला. खिशातला फोन थरथरला. मेहुण्याचा निरोप होता : 'ताई गेली. लवकर या.'

खुशाल गुरुजी खुर्चीपर्यंतही गेले नाहीत. बोर्डाखाली जमिनीवर बसले आणि रडायला लागले.

पहिली ते चौथीची पोरं एकाच खोलीत बसत. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. मग एकेकानं मान वळवली आणि बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड काही सांगतो का, याची ती वाट पाहत होती. थोड्या वेळानं बोर्डावर अक्षरं आली, 'गुरुजींना थोडा वेळ हवा आहे. तोवर आपण उजळणी करू या.' पोरांनी पाट्या पुढं ओढल्या आणि उजळणी सुरू केली.

'सर, काय झालं?' असं एकानंही विचारलं नाही.

घरी कुत्रं लंगडत आलं तरी लेकरं दहा गोष्टी विचारतात. इथं एक बाप्या माणूस जमिनीवर बसून रडत होता, आणि पहिलीतलं पोरगंही मान खाली घालून बाराखडी गिरवत होतं. त्या अवस्थेतही खुशाल गुरुजींना ते खटकलं. मोटारसायकलला किक मारताना त्यांच्या मनात आलं, हे वनिताला सांगायला पाहिजे.

मग त्यांना आठवलं.

*

सहपाठ सगळ्या सरकारी शाळांना सक्तीचा झाला त्याचं हे तिसरं वर्ष होतं. त्यामागचं शास्त्र प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि ते काही अवघड नव्हतं.

पोराच्या मनातली शंका तोंडात यायच्या आधी अंगावर दिसते. वाचता वाचता डोळा एका शब्दावर अडतो. पेन्सिल थांबते. भुवई हलते, ओठ जरासे उघडतात. शंका उठली, की हात वर व्हायला तीन-चार सेकंद लागतात. बोर्डाच्या वर बसवलेले बारीक कॅमेरे नेमकी तीच सेकंदं वाचत. कोणत्या वाक्यानंतर कोणत्या तऱ्हेचं पोर कुठं अडतं आणि मग काय विचारतं, हे यंत्र खऱ्या वर्गांच्या चित्रीकरणातून शिकलं होतं. पेन्सिल थांबलेली दिसली, की ते पुढचं वाक्य बदलायचं. शंकेचं उत्तर त्या वाक्यात मिसळून गुरुजींच्या कानात सोडायचं. गुरुजी ते बोलायचे आणि पेन्सिल पुन्हा चालू लागायची. आपल्याला काही विचारायचं होतं, हे पोराला कळायचंही नाही.

वर्षभरानं यंत्र आणखी शहाणं झालं. पेन्सिल थांबण्याची वाट पाहणं त्यानं सोडून दिलं. प्रत्येक पोराचा आराखडा त्याच्याजवळ तयार झाला होता. कोणीही कुठंही अडणार नाही, असंच वाक्य ते पहिल्यापासून द्यायला लागलं. तेल लावलेल्या बिजागरीसारखा तास फिरायचा, कुठं कुरकुर नाही. पोरांचे गुण वाढले. पालक खूश, साहेब खूश. गुरुजीही खूश होते, खोटं कशाला बोला.

शिक्षकांनी कानातल्या यंत्राला सासू नाव ठेवलं होतं. दिवसभर कानाशी लागून, 'आता हे कर, आता ते बोल.' सासूचं ऐकलं नाही, की विचलनाची नोंद होऊन ती केंद्रप्रमुखाकडे जायची.

*

खुशाल आणि वनिता दोघंही शिक्षक. लग्नानंतर कितीतरी वर्षं दोघं दोन टोकांच्या तालुक्यांत होते, रविवारपुरते नवरा-बायको. पती-पत्नी एकत्रीकरणात बदली होऊन बोडीटोल्याची दोन शिक्षकी शाळा मिळाली, तेव्हा कुठं संसार एका जागी आला. शाळेमागं बोडी, म्हणजे गावाचं लहानसं तळं. त्यात शिंगाड्याचे वेल. अंगणात मोहाचं झाड आणि त्याला टांगलेला लोखंडी पाट्याचा तुकडा. तीच शाळेची घंटा.

वनिताची एक पद्धत होती. ती रोज वर्गात एक चूक करायची. मुद्दाम, आणि चेहऱ्यावरची माशी हलू न देता. कधी फळ्यावर सात आठे चोपन्न लिहायची, कधी सूर्य उत्तरेला उगवतो म्हणायची. चूक कधी येईल ते सांगायची नाही. त्यामुळे पोरं सकाळपासून डोळ्यांत तेल घालून बसायची. प्रत्येक वाक्यावर हात वर. "मॅडम, हे खरं आहे का?" "मॅडम, हे तुमाले कोणं सांगतलं?" चूक सापडली नाही तरी शोधता शोधता शंभर भलतेच प्रश्न निघायचे. जो चूक पकडेल, त्याला सुट्टीची घंटा वाजवायला मिळायची. त्या घंटेसाठी पोरं तापातसुद्धा शाळेत यायची.

पुढं राज्यात कुठल्या वर्गांत पोरं जास्त विचारतात याची पाहणी झाली आणि वनिताच्या वर्गाचं नाव सर्वांत वर आलं. पुण्याहून ऋता देवस्थळी नावाची एक तरुण अभियंता कॅमेरे घेऊन आली आणि वर्षभर राहिली. वनिताच्या हातचा भात आणि बोडीतली मासळी खाऊन ती घरचीच झाली. तेच चित्रीकरण पुढं सहपाठाचा पाया झालं. वनिताला त्याचा केवढा अभिमान! आजारी पडून शाळा सुटली तेव्हा ती म्हणाली होती, "मी मेली तरी माहा वर्ग सुरूच राहीन, पाहा तुमी."

तिच्या जागेवर दुसरं कोणी आलं नाही. यंत्र असल्यावर दोन शिक्षक कशाला, म्हणून जागाच गेली.

दर शनिवारी खुशाल गुरुजी नागपूरला जायचे. सलाईन लावलेल्या हातानं ती त्यांची बाही धरायची आणि विचारायची, "या हप्त्यात पोरायनं काय विचारलं?"

पोरांनी काही विचारलेलं नसायचं. सगळ्यांना सगळं समजत होतं. पण तसं सांगून तिचा चेहरा उतरवायचा कशाला, म्हणून गुरुजी जाताना बसमध्ये प्रश्न तयार करायचे.

"भूमीनं विचारलं, शून्यानं भागत काहून नाही."

वनिता डोळे मिटूनच हसली. "हा भूमीचा नाही जी. हा तुमचा आहे. भूमीचा असता तं त्यात एखादी बकरी असती."

भूमी म्हणजे भूमेश्वरी उईके. वनितानं शिकवलेल्या शेवटच्या पहिलीतली पोरगी, आता चौथीत. पहिलीत असताना ती विचारायची, मासे झोपतात तेव्हा डोळे कुठं ठेवतात, आणि बकरीला आपलं नाव माहीत असतं का. त्या वर्षी घंटा सर्वांत जास्त तिनंच वाजवली होती.

*

तेरवी करून गुरुजी शाळेत परतले. सासू कानात घातली. अपूर्णांकांचा धडा पुढं सुरू झाला. कानात वाक्य आलं आणि ते सवयीनं बोलले, "अर्धा शिंगाडा की अर्धी टोपली शिंगाडे? आधी ते सांगा, मग अर्धं म्हणजे किती ते पाहू."

बोलून झाल्यावर त्यांनी ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. हे वनिताचं वाक्य होतं. शब्दन् शब्द. आवाज यंत्राचा होता, सपाट, ना बाईचा ना बाप्याचा. पण 'आधी ते सांगा'च्या आधीचं थांबणंसुद्धा तिचंच होतं.

मग लक्ष देऊन ऐकताना त्यांना ती जागोजागी भेटायला लागली. दोन वर्षं ते तिची वाक्यं बोलत होते आणि जिवंत होती तोवर त्यांना ऐकू आली नव्हती. ते शाळेत लवकर जाऊ लागले. रिकाम्या खोलीत बसून दिवसाचा पाठ आधी ऐकण्याचं बटण दाबायचे. सासू बोलायची आणि गुरुजी बाकाला टेकून ऐकत राहायचे. घरी तिचे कपडे होते, चष्मा होता. पण बोलायची ती इथंच.

तेवढ्यावर त्यांचे दिवस निघाले असते.

पण भाताला रोवणीनंतरची फवारणी झाली, रात्री जोराचा पाऊस पडला, आणि शेतातल्या बांध्यांमधलं सगळं औषध वाहून बोडीत उतरलं. सकाळी बोडीभर मासे पोट वर करून तरंगत होते. खुशाल गुरुजी रस्त्याच्या बाजूनं आले, त्यांना काही दिसलं नाही. पोरं रोजच्यासारखी पाळीवरून, म्हणजे बोडीच्या बांधावरून आली. सगळ्यांनी पाहिलं. सगळी वर्गात येऊन बसली, दिवसभर शिकली आणि घरी गेली. दुपारपर्यंत वाऱ्यानं मासे पलीकडच्या वेलांखाली लोटले होते, आणि भूमीच्या बापानं, सुकराम उईकेनं, काही न कळून म्हैस पाण्यावर नेली. सांजेला म्हैस पाय झाडून मेली.

दुसऱ्या दिवशी सुकराम पोरीला दंडाला धरून शाळेत आला. रागावलेला नव्हता. गोंधळलेला होता.

"गुरुजी, माही पोरगी साऱ्यात हुशार, हाव ना?"

"हाव."

"मंग तुमीच विचारा तिले. काल सकाळी मेलेले मासे पाह्यले इनं. घरी आली तं मले सांगतलं नाही. तुमाले तरी विचारलं?"

"नाही," गुरुजी म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी भूमीला विचारलं, "काहून नाही विचारलं बेटा?"

भूमी रडवेली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं आपलं काय चुकलं ते.

"बोर्डावर आलं नाही ना, सर."

सुकराम पोरीकडे पाहत राहिला. "शाळेत घालाच्या आधी ही मले झोपू देत नव्हती. हे काहून, ते काहून. मी म्हणो, शाळेत जाऊ दे, गुरुजी देतीन उत्तर." त्यानं पोरीचा दंड सोडला. "तुमी तं सारेच देऊन टाकले, गुरुजी."

गुरुजींनी सवयीनं कानातल्या वाक्याची वाट पाहिली. सासू गप्प होती.

*

त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, मॅडमची चूक पुन्हा सुरू करायची.

त्यांनी बोर्डावर स्वतःच्या हातानं लिहिलं : तीन हा दोनापेक्षा मोठा, म्हणून एक तृतीयांश हा अर्ध्यापेक्षा मोठा. ही वनिताची आवडती चूक. हिच्यावर पोरं अर्धा तास भांडायची. गुरुजींनी हात खाली घेतला तोवर 'मोठा'चं 'लहान' झालेलं होतं. बाजूला शिंगाड्याच्या टोपलीचं चित्र आलं, टोपलीचे आधी दोन, मग तीन भाग झाले. कानात वाक्य आलं, "अर्धा शिंगाडा की अर्धी टोपली शिंगाडे? आधी ते सांगा."

वनिताच्याच वाक्यानं वनिताची चूक पुसली गेली होती. पोरांनी मान डोलावली. सगळ्यांना समजलं.

मग ते तोंडी चुकू लागले. "आपला जिल्हा समुद्राकाठी आहे," असं म्हणाले, तर वाक्य संपायच्या आत बोर्डावर नकाशा. सासू काढून ठेवून पोरांना मोहाखाली नेलं, तर यंत्राला जोडलेल्या पोरांच्या पाट्याच बोलायला लागल्या. गुरुजींना चुकण्याइतकीसुद्धा जागा कुठं उरली नव्हती.

आठवड्याभरात केंद्रप्रमुख लांजेवार साहेब हजर झाले. माणूस गमत्या होता आणि निवृत्तीला टेकला होता.

"डोंगरवार सर, तुमची सासू पंचायत समितीत येऊन रडून गेली हो! म्हणते, जावई ऐकत नाही."

"साहेब, मी मुद्दाम चुकलो."

"हळू बोला." लांजेवार व्हरांड्याच्या कडेला टेकले. "वहिनी गेल्या. माणूस हलते. म्हणून मी वरती शोककाळ असं लिहून पाठवलं. चुकून झालं असं लिहिता येते, बिमारी होती असं लिहिता येते. मुद्दाम झालं याले नोंदीच्या फॉर्मात जागाच नाही. मी काय लिहू?"

"पोरं विचारत नाहीत, साहेब. मी त्यांच्यासमोर रडलो, तरी विचारलं नाही."

लांजेवारांचा चेहरा जरा बदलला. त्यांनी खिशातली सुपारी काढली आणि तोंडात न टाकताच हातात ठेवली. "माहा नातू बी नाही विचारत," ते म्हणाले. "मले वाटे, शहाणा आहे." मग उठले. "त्या पुण्याच्या ताई अजून तिथंच आहेत ना? तुमच्या घरी जेवत होत्या त्या? त्यांच्याशी बोला. माह्या हाती काही नाही. आणि सासू कानातून काढू नका, बापा. तुमच्या जागी माणूस पाठवाचा म्हटलं तं माणूस नाही. शाळा एकट्या बोर्डावरच चालवतीन."

*

ऋता देवस्थळीनं फोन लगेच उचलला. वनिताताईंचं कळलं होतं, म्हणाली.

"ऋताताई, एक सांगा. वनिता रोज एक चूक करत होती. ती कुठं गेली?"

"कसली चूक?"

गुरुजींनी सांगितलं. तिकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. ती काहीतरी शोधत होती.

"सर, चित्रीकरण यंत्राला शिकवण्याआधी ते साफ करावं लागतं. आवाजातला गोंगाट, अर्धवट वाक्यं, आणि... चुकीची विधानं. ती आपोआप गाळली गेली. वनिताताईंची रोज एक तरी आहे. मी वर्षभर तिथं बसले होते सर, मला वाटायचं त्या चुकून बोलतात आणि मुलं मजा करतात. आमच्या अहवालात त्यांच्या नावापुढं एक शेरा आहे." ती अडखळली. "विषयज्ञानात किरकोळ त्रुटी."

खुशाल गुरुजी हसले. वनिता गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

"हे तिला सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "खूप हसली असती. बरं, आता ती चूक परत घाला."

"घालता येणार नाही. सक्तीच्या अभ्यासक्रमात चुकीचं विधान मी कोणाच्या सहीनं घालू? मी वरती विचारूनही पाहिलं असतं, पण उत्तर मला आत्ताच माहीत आहे." मग ती हळू बोलली, जणू सांगावं की नाही ते अजून ठरलं नव्हतं. "एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ताईंनी संमती दिली होती म्हणून त्यांचे तास आम्ही वापरतो. त्यांच्यानंतर ती संमती वारसाकडे येते. तुम्ही मागे घेऊ शकता."

"मग काय होईल?"

"सहपाठ राहीलच. तो बंद होणार नाही. पण प्राथमिक वर्गांचा अंदाज सगळ्यात जास्त ताईंच्या वर्गावर उभा आहे, कारण इतके प्रश्न दुसऱ्या कोणाच्या वर्गात नव्हतेच. ते तास काढले, की यंत्राला मुलांचं मन नीट वाचता येणार नाही. मुलं अडतील. काही प्रश्न निसटतील. ते पुन्हा शिकेपर्यंत दोन वर्षं तरी."

"काही प्रश्न म्हणजे?"

"रोज वर्गात दोन-तीन. जास्त नाही."

खुशाल गुरुजींनी खिडकीतून बोडीकडे पाहिलं. "आणि तिची वाक्यं?"

"सगळी जातील, सर. राज्यातल्या सगळ्या शाळांमधून. मूळ चित्रीकरणसुद्धा. तसा नियमच आहे, संमती गेली की एकही प्रत ठेवता येत नाही. आणि पुसलेलं परत आणता येत नाही."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मला नका विचारू, सर," ऋता म्हणाली. "ते माझंही सगळ्यात चांगलं काम आहे."

संमतीसाठी वेगळा नंबर होता. गुरुजींनी तो लावला. यंत्राचा आवाज आला. त्यानं नाव, नातं विचारलं, ओळख पटवून घेतली, आणि म्हणाला, "संमती कायमची मागे घ्यायची असल्यास 'हो' म्हणा." तोच आवाज होता, सासूचा. त्याच आवाजातून रोज सकाळी वनिता बोलायची. गुरुजींनी फोन कानापासून दूर धरला. त्यांनी फोन बंद केला.

त्यानंतर त्यांनी तो नंबर कितीतरी वेळा लावला. प्रत्येक वेळी 'हो म्हणा' ऐकलं की बंद केला. 'माहा वर्ग सुरूच राहीन,' ती म्हणाली होती. तो सुरू होता. हजारो शाळांत सुरू होता, आणि त्यात एकही हात वर होत नव्हता. बंद केला तर तिचं हे शेवटचंही त्यांच्याच तोंडून मरणार होतं. सुरू ठेवला तर बोडीटोल्याच्या पोरांना उद्या कशाचंही मढं दिसलं असतं तरी ती पाळीवरून गुमान चालत आली असती.

*

एकच जागा उरली होती. परिपाठ.

सकाळची प्रार्थना, प्रतिज्ञा आणि दिनविशेष मोहाखाली अंगणात होत. तिथं कॅमेरा नव्हता. पाट्या वर्गात असत. सासू वर्गाचा उंबरठा ओलांडला की सुरू व्हायची. म्हणजे तेवढा वेळ गुरुजी एकटे होते.

त्यांनी तिथं चुकायला सुरुवात केली. बुधवारी सकाळी पोरांसमोर उभं राहून, चेहऱ्यावरची माशी हलू न देता ते म्हणाले, "आज रविवार आहे."

"आज रविवार आहे," सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, कोंबडी झाडाला लागते. पोरांनी तेही म्हटलं. पहिलीतली दोन पोरं जोरात म्हणाली. गुरुजींना वनिताचा राग आला. हे इतकं सोपं कसं करायची ती? तिच्याजवळ काय होतं? मग कळलं, तिच्याजवळ घंटा होती. चूक पकडल्यावर काय मिळतं हे पोरांना ठाऊक होतं. इथं घंटाच बोर्ड वाजवत होता. मोहावरचा लोखंडी पाटा गंजून गेला होता, त्यात लाल मुंग्यांनी घर केलं होतं.

त्यांनी पाटा उतरवून घासला, पुन्हा टांगला, आणि हातोडी आणून रोज परिपाठाला हातात धरून उभे राहू लागले. बोलले काही नाही. चूक करायची आणि हातोडी धरून वाट पाहायची. पोरं हातोडीकडे बघायची. मग सवयीनं भिंतीकडे बघायची, बोर्ड काही सांगतो का म्हणून. अंगणात बोर्ड नव्हता. मग ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची. ते माती उकरणं गुरुजींना फार आवडलं. कितीतरी दिवसांनी ती कुठंतरी अडली होती.

शुक्रवारी लांजेवार साहेब रस्त्यावरूनच ओरडले. गाडी थांबवली नाही, नुसती हळू केली. "डोंगरवार सर, सोमवारपासून परिपाठ पण सहपाठात! अंगणात कॅमेरा बसवाले माणसं येतीन, चहा पाजा त्यायले!"

शनिवारी सकाळची शाळा होती. गुरुजी मोहाखाली उभे राहिले. हातोडी हातात होती. ही शेवटची चूक.

"सूर्य रात्री उगवतो," ते म्हणाले.

"सूर्य रात्री..." पोरं म्हणाली आणि एक आवाज मधेच तुटला.

भूमी होती. तिनं वर पाहिलं. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून हात आडवा धरला. मग हातोडीकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं नाही.

"सर," ती म्हणाली, "मंग हे काय आहे?"

खुशाल गुरुजींनी हातोडी तिच्या हातात दिली. ती हातोडी आता तिला जड नव्हती. पहिलीत दोन्ही हातांनी धरायची. तिनं लोखंडी पाट्यावर घाव घातला. आवाज बोडीच्या पाण्यावरून पलीकडे गेला आणि परत आला. लहान पोरांनी कानावर हात ठेवले. कोणीतरी हसलं. रांग मोडली.

भूमीनं हातोडी परत दिली नाही. ती हातात धरून गुरुजींकडे पाहत राहिली. तिची भुवई हलली, ओठ जरासे उघडले. तीन-चार सेकंदं गेली. तिथं ती सेकंदं वाचायला कोणी नव्हतं.

"सर, त्या दिवशी तुमी बोर्डाखाली बसून काहून रडत होते?"

गुरुजींनी तोंड उघडलं. वर्गात बोर्डाची घंटा वाजली. पोरं रांगेत लागली आणि आत जायला निघाली. भूमी वळून वळून पाहत होती.

"सांगतो," गुरुजी म्हणाले, आणि पोरांच्या मागोमाग त्यांनी उंबरठा ओलांडला. कानात वाक्य आलं. वनिताचं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि बोलले.

सोमवारी कॅमेरा बसला. संमतीच्या नंबरवर 'हो' म्हणायचं राहिलं आहे. भूमीला उत्तर द्यायचंही राहिलं आहे.